वर्ननची शीळ

वर्ननला नवी कवळी बसली, त्याच आठवड्यात नॉर्थ डकोटात बदकांच्या शिकारीचा हंगाम सुरू झाला. पहिल्याच बाराला बदक तळ्याच्या पलीकडच्या काठाशी पडलं आणि त्याचा लॅब्रेडोर, टग, भलतीकडेच पोहत सुटला. त्याला वळवायला वर्ननने शीळ घातली, तर तोंडातून नुसती हवा आणि थुंकी! गळ्यात शिट्टी अडकवणं हे नवशिक्यांचं काम, असं तो तीस वर्षं सगळ्यांना ऐकवत आला होता. त्यामुळे शिट्टीही जवळ नव्हती.

"कवळी काढ ना," बायको आयडा म्हणाली.

"काढली तर तोंडात उरतंय काय?"

आयडाने हातमोजा काढला, दोन बोटं तोंडात घातली आणि अशी शीळ वाजवली की टग पाण्यातच गर्रकन वळला. तिने डावा हात लांब केला, तसा तो तिकडे गेला आणि बदक घेऊन थेट तिच्यापाशी आला.

"हे कधी शिकलीस?"

"तू कापणीला जायचास, तेव्हा याला रोज तळ्यावर कोण आणायचं?"

वर्नन खजील होऊन हसला. "गावात कुणाला सांगू नकोस हं."

"नाही सांगत. पण पिसं आज तू काढायचीस."