पुलाचे दोन आकडे

पुलाच्या कंपनांवरचा नणंदेचा शोधनिबंध परीक्षकाने परत पाठवला होता. तेच गणित त्याने करून बघितलं, तर निबंधातला आकडा त्याच्याकडे येत नव्हता. आता तो तिच्याकडेही येईना. संध्याकाळपर्यंत जुळला नाही तर निबंध मागे घ्यावा लागणार होता.

प्रयोगशाळेतली संगणकयंत्रणा वहिनी सांभाळायची. तिला संशय वेगळाच होता. मधल्या काळात गणिताचं सॉफ्टवेअर बदललं होतं. जुनी आवृत्ती डिस्कवर नुसती पडून होती. दोन्ही आवृत्त्या शेजारीशेजारी ठेवून हवी तिला नावाने बोलावता येईल असं एक साधन आहे, ते बसवून बघू, असं तिने सुचवलं. त्यात बटणं वगैरे असतात का, असं नणंदेने विचारलं. बटणं नाहीत, सगळं टाइप करायचं, असं उत्तर मिळालं.

पडद्यावर ओळी सरकू लागल्या. मध्येच साधनाला लागणारी एक लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, नाही म्हणून काम अडलं. वहिनीने ती आणून बसवली आणि पुन्हा सुरुवात केली. शेवटी यादी मागवली, तर जुनी आणि नवी, दोन्ही आवृत्त्या दिसल्या.

दर वेळी कोण टाइप करणार म्हणून नणंदेने जुनीला बोलावणारी कमांड एका छोट्या स्क्रिप्टमध्ये, म्हणजे कमांडच्या फाइलमध्ये, लिहिली. स्क्रिप्ट चालवली, मग गणित चालवलं. आकडा पुन्हा चुकीचाच.

"वहिनी, चूक माझीच आहे. उगाच तुला कामाला लावलं."

"भावासारखी लगेच तोंड पाडून बसू नकोस. आत्ता कोणती आवृत्ती हजर आहे, ते तरी यंत्राला विचार."

तिने विचारलं. एकही हजर नव्हती.

वहिनी पडद्याकडे बघून हसली. स्क्रिप्ट स्वतःपुरतं वेगळं सत्र उघडते, जुनी आवृत्ती त्या सत्रात आली आणि स्क्रिप्ट संपताच सत्राबरोबरच गेली, असं तिने समजावलं. पडद्यावरच्या समोरच्या खिडकीपर्यंत ती पोचलीच नव्हती, म्हणून गणित नेहमीच्या नव्या आवृत्तीनेच केलं होतं.

या वेळी नणंदेने कमांड थेट खिडकीत टाइप केली आणि गणित चालवलं. निबंधातला आकडा जसाच्या तसा आला.

परीक्षकाला उत्तर लिहिता लिहिता ती थांबली.

"मग पूल खरा किती हलतो?"

"मला काय विचारतेस? मी त्याच्यावरून रोज नुसती येते-जाते."

नणंदेने उत्तरात दोन्ही आकडे लिहिले, कोणता कोणत्या आवृत्तीचा तेही लिहिलं आणि पाठवून दिलं. मग शेजारी दुसरी खिडकी उघडून तिच्यात नवी आवृत्ती बोलावली. कोणती बरोबर ते बघायला दोन्ही आवृत्त्यांना एकच सोपं गणित द्यायचं ठरलं: एक साधी तुळई, जिचं उत्तर हाताने काढता येतं. वहिनी खुर्ची ओढून बसली. नणंद ड्रॉवरमध्ये पेन्सिल शोधू लागली.