कनकीची गादी

शर्यत सुरू व्हायच्या आधी भूमिकाला सारखं वाटत होतं, की आता सांगून टाकावं. सांगायचं एवढंच होतं, की मला या गाडीत बसायची भीती वाटते. पण ते वाक्य घशापर्यंत यायचं आणि नेमकं तेव्हाच कोणीतरी तिच्या हातात हेल्मेट द्यायचं, नाहीतर फोटोसाठी उभं करायचं, आणि वाक्य आल्या वाटेने परत पोटात जायचं.

भीती वेगाची नव्हती. मैत्रिणीला मागे बसवून ती रेल्वेच्या पुलावरून स्कुटी अशी पिटाळायची, की मागची देवाचं नाव घ्यायची. भीती होती अडकायची. एकाच माणसाने बसायची ती बिजलीवरची गाडी म्हणजे नावाला गाडी, खरं तर चाकं लावलेली खोबण. आत शिरायचं तर आधी पाय घालायचे, मग कंबर, मग खांदे आवळून खाली सरकायचं. त्यावर खांद्यावरून, कमरेवरून, मांड्यांमधून पट्टे. शेवटी स्टिअरिंग बसवलं, की स्वतःचे गुडघेही दिसत नाहीत. लिफ्टमध्ये दार उघडेपर्यंत श्वास धरून ठेवणारी ही मुलगी. दर सरावाला तिने हे सोसलं आणि बाहेर येऊन हसून दाखवलं.

मग बसली कशाला, असं विचारणं सोपं आहे. गाडी कॉलेजच्या पोरांनी रक्त आटवून बनवलेली, आणि पोरांचा म्होरक्या दुर्गेश पटले. दुर्गेशच्या वडिलांची, हेमराज शेठची राइस मिल, आणि त्याच मिलमध्ये भूमिकाची माय धुरपता पोती शिवायला. भूमिका दुर्गेशच्याच वर्गात, अंगाने सगळ्यांत बारीक. गाडी तिच्या मापाने बांधायची असं दुर्गेशने ठरवलं, घरी सांगितलं, शेठने मिलमध्ये सांगितलं, आणि संध्याकाळी माय घरी आली ती पेढे घेऊनच. पेढा तोंडात असताना नाही कसं म्हणणार? तसं पाहिलं तर भूमिका हो सुद्धा म्हणाली नव्हती. ती नुसती उभी होती. गप्प उभी असलेली मुलगी राजीच असते, असा आपल्याकडे जुना समज आहे.

शर्यत होती भर गोंदिया शहरात, रस्ते बंद करून. या जिल्ह्याला शर्यतीचं वेड नवं नाही. शंकरपटात बैलजोडी धावणार म्हटलं, की पाव्हणे चार गावं ओलांडून येतात. तेव्हा बिजलीच्या गाड्या गल्लीतून पळणार म्हटल्यावर काय विचारता. नागऱ्यापासून चोरखमाऱ्यापर्यंतची माणसं सकाळपासून जाळीला चिकटून उभी होती. वळणावळणावर धक्का झेलायला टायर रचतात म्हणे, इथे भुशाची पोती रचली होती. मिलच्या गावात भुशाला काय तोटा? चौकाजवळचा गतिरोधक खोदून काढला होता, पण अर्धवट. सरकारी काम आणि सहा महिने थांब. तिथे एक उंचवटा राहून गेला होता तो राहूनच गेला. लोकांची तक्रार मात्र वेगळीच होती. गाड्या आवाजच करत नाहीत, मग शर्यत कसली?

आता त्या गादीचं सांगायला हवं, कारण सगळं तिथेच शिजलं. चालकाचं वजन अमुकइतकं भरलंच पाहिजे, असा शर्यतीचा नियम. भूमिका भरत नव्हती. कमी पडेल तेवढं वजन सीटमध्ये, अगदी खाली ठेवायची मुभा होती. दुसऱ्या कॉलेजांनी शिशाच्या पट्ट्या बसवल्या. दुर्गेश मिलवाल्याचा पोरगा. तो म्हणाला, वजनाला वजन आणि बसायला मऊ, कनकी भरू. कनकी म्हणजे तांदळाची चुरी, मिलमध्ये ढिगाने पडलेली. तान्ह्या बाळाचं डोकं गोल व्हावं म्हणून आपण मोहरीची उशी करतो ना, तशीच ही कनकीची गादी. अंगाचा आकार बरोबर धरणार. सगळ्यांना कल्पना इतकी पसंत पडली, की गादीखालून पाण्याची नळी जाते हे कोणाच्या ध्यानातच आलं नाही. धुरपताने मिलच्या मशीनवर जाड कापडाची लांबट पिशवी शिवली, भूमिकाला सीटमध्ये बसवून तिच्या कमरेभोवती, पाठीमागे कनकी ठासून भरली आणि तोंड शिवून टाकलं. पोरगी साच्यात घातल्यासारखी नीट बसली, असं माय सगळ्यांना कौतुकाने सांगत होती.

हिरवा झेंडा पडला आणि भूमिका निघाली. गाडी पळायला लागली की भीती थोडी मागे पडते, हे तिला ठाऊक होतं. पुढे वळण, मग पुलाखालचा उतार, मग मिलांची लांब गल्ली. डोक्याला काम मिळालं, की छातीतली धडधड जरा दमाने घेते. तिने एकाला मागे टाकलं, मग आणखी एकाला. पण दर फेरीला तो उंचवटा यायचा आणि गाडी खालून दाणकन आपटायची. मोटरीचं यंत्र तापू नये म्हणून फिरणारं पाणी सीटखालच्या रबरी नळीतून जायचं. कुठल्याशा आपटीला त्या नळीची पकड सुटली, आणि पाणी कनकीत झिरपू लागलं. तेही चांगलं कढत.

अंगात जाड सूट होता म्हणून आधी मांडीखाली नुसतं कोमट लागलं. भूमिकाला लाजच वाटली. तिला वाटलं, भीतीने आपलंच काही झालं असावं. मग हेल्मेटच्या आत वास आला, आणि हा वास तिने जन्मभर घेतलेला होता. कोणीतरी भात शिजत ठेवला होता. कोणीतरी कशाला, तीच बसली होती त्यावर.

कनकी फुगायला लागली. पातेल्यात फुगली तर झाकण वर उचलते. इथे झाकण म्हणजे भूमिका, आणि ती पट्ट्यांनी बांधलेली. गादी कमरेला दोन्हीकडून दाबू लागली, मग बरगड्यांना. श्वास पुरता खाली उतरेना. तिने कानातल्या यंत्रावर दुर्गेशला सांगितलं, की गादी घट्ट होऊन राहिली. दुर्गेश म्हणाला, घट्टच पाहिजे, तिसरी आहेस, चालव. त्याचं तरी काय चुकलं म्हणा, त्याला तिकडे बसून भाताचा वास थोडाच येत होता.

समोर थांबायचं लाल बटण होतं. दाबलं असतं तर गाडी तिथेच उभी राहिली असती. भूमिकाचा हात दोनदा त्या बटणापर्यंत गेला. पण तेवढ्यात जाळीपलीकडे मिलच्या बाया दिसल्या, हात हलवणाऱ्या, मधोमध माय नव्या लुगड्यात. मंचावर हेमराज शेठ खुर्चीतून उठून उभे राहिलेले. हात परत स्टिअरिंगवर आला. बटण तिच्या हातात होतं, दाबायची सोय मात्र नव्हती. तिला रडू आलं आणि हेल्मेटमध्ये डोळे पुसताही येईनात.

शेवटी निर्णय पाण्यानेच घेतला. ते बिजलीच्या जोडात शिरलं आणि चौकाच्या अलीकडे, मायच्या जाळीसमोरच, गाडी एकदम निपचित झाली. डोक्यामागच्या दांडीवरचा दिवा हिरव्याचा लाल झाला.

लाल दिवा म्हणजे गाडीच्या अंगात करंट उतरलेला असू शकतो. तो लाल असेपर्यंत गाडीला कोणी हात लावायचा नाही, आणि चालकाने स्वतःच बाहेर पडायचं, तेही उडी मारून. हात गाडीला आणि पाय जमिनीला असं एकाच वेळी झालं, तर खेळ खल्लास. शर्यतीची माणसं धावत आली आणि हातभर अंतरावर गोल करून उभी राहिली. मंचावरून माईकवाला हिंदीत सांगत सुटला, की चालक ने तुरंत कूदना है, कोई गाडी को छुएगा नहीं. बाकीच्या गाड्या थांबवल्या.

भूमिकाने पट्टे सोडले. स्टिअरिंग काढून फेकलं. दोन्ही हात कडेला टेकून जोर केला, आणि ती तसूभरही हलली नाही. कंबर कनकीत रुतली होती, मांड्या वरच्या काठाखाली गच्च. पुन्हा जोर केला. श्वास आता वरच्या वर चालला होता. ज्याला ती भीत होती ते आता तिच्यावर ओढवलं होतं, भर दुपारी, शेकडो माणसांसमोर, आणि त्यातला एकही हात तिच्यापर्यंत येऊ शकत नव्हता. धुरपताने जाळीवर पाय दिला तेव्हा दोन पोलिसांनी तिला धरून ठेवलं. दुर्गेश गोलाच्या काठाशी उभा होता, मूठ तोंडात घालून.

मग गर्दीतून कोणीतरी ओरडलं, की शिवण उसव. आणि सगळ्यांनाच एकदम आठवलं. हे गाव पोत्यांचं. मिलचा टाका साखळीचा असतो, एका टोकाने ओढला तर सरसर उसवतो आणि दुसऱ्या टोकाने ओढला तर आणखी आवळतो, हे इथे शाळेत न जाता येतं. भूमिकालाही येत होतं, पण भीतीने डोक्याचं मडकं रिकामं झालं होतं. उजव्या बाजूला कमरेशी शिवण हाताला लागली. जाळीवरून एक जण म्हणे पुढचं टोक ओढ, दुसरा म्हणे मागचं. गल्लीत दोन पक्षच पडले. चुकीचं ओढलं असतं तर गाठ बसली असती, आणि मग सुरी द्यायलाही कोणी जवळ येऊ शकलं नसतं.

भूमिकाने हेल्मेट काढलं आणि मायकडे पाहिलं.

"मागचं," धुरपता म्हणाली. "हळू ओढ."

हातमोजा दातांनी काढून भूमिकाने मागे चाचपलं, टोक सापडलं, ओढलं. सूत सुटत गेलं. ओली, फुगलेली कनकी पिशवीतून तिच्या पायांकडे सरकली आणि कमरेवरचा दाब किंचित कमी झाला. ती ओंजळीने कनकी उपसून रस्त्यावर फेकू लागली. वाफाळलेला भात रस्त्यावर पडत होता आणि हसायला कोणी तयार नव्हतं. मग तिने अंग पिळवटून कंबर सोडवली, काठावर दोन्ही पावलं जोडून उभी राहिली आणि लांब उडी मारली.

पडली तिथून उठवायला माणसं धावली. टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेचनात. माईकवाला मंचावरून खाली आला, शूर बेटी, गोंदिया की शान, असलं काय काय बोलला आणि माईक तिच्या तोंडासमोर धरला. दुर्गेशने तिचा हात हातात घेतला होता, त्याचेही डोळे भरले होते. कनकी ही आपली चूक, असं त्याने स्वतःच कबूल केलं. आणि मग, त्याच दमात, म्हणाला की पुढच्या महिन्यात नागपूरला शिशाचं वजन बसवू, पहिला नंबर आपलाच.

पुन्हा तेच. भूमिकाला वाटलं, आपण उडी मारली ती खोबणीतून खोबणीत.

"मी नाई बसत," ती म्हणाली.

माईक सुरूच होता. सगळ्या गल्लीला ऐकू गेलं, मंचावर हेमराज शेठलाही.

"काऊन?" दुर्गेशला खरंच कळेना. "आता त सीट नवी करून राहिलो ना."

"मले पयल्यापासूनच भेव लागते. अडकल्यावानी होते."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"तू पुसलं कुठं? वजन पुसलं, उंची पुसली, बुटाचा नंबर पुसला. बसशील का म्हून कोनीच नाई पुसलं."

माईकवाल्याने माईक हळूच मागे घेतला. मंचावर शेठ खाली बसले. भूमिकाने ते पाहिलं. आपण जे बोललो ते उद्या मायला मिलमध्ये भोवेल, हे तिला त्याच क्षणी उमगलं. तिने जाळीकडे पाहायचं टाळलं.

पण पोलिसांनी धुरपताला सोडलं होतं आणि ती येऊन समोर उभी राहिली होती. ती मंचाकडे बघत नव्हती. लेकीच्या अंगाला चिकटलेली कनकी ती पदराने पुसत राहिली, बाह्यांवरची, मग गळ्यावरची.

"मीबी नाई पुसलं," ती म्हणाली.