कुणासाठी?

"अगं, कुणासाठी ते सांगायला नको. घे हवा तेवढा पाला," मी म्हणालो.

शिवणकाम करणारी शेजारीण निर्गुडीपाशी तशीच उभी राहिली. "न सांगता हात कसा लावू, काका? सासूबाईंसाठी. गुडघे परत धरलेत."

"बरं."

"नुसतं बरं काय? काकू विचारायच्या, सूज आहे की कळ."

"मग? सूज की कळ?"

"दोन्ही. जीभ तेवढी ठणठणीत आहे."

आमच्या हिचा नियमच होता तो. पाला फुकट, पण कुणासाठी ते सांगायचं. निर्गुडी शेकायला, अडुळसा खोकल्याला. धान्यात कीड होऊ नये म्हणून वाळका पालाही लोक नेत. तेव्हासुद्धा घरात खाणारी तोंडं कोण, हे ती विचारून घेई. गल्लीत कोण आजारी आहे ते हिला डॉक्टरच्या आधी कळायचं. मग संध्याकाळी बघायला जायची. मी कारखान्यात लेथवर जन्म काढलेला माणूस. मला ते सगळं नुसतं हिरवं दिसे. ही गेली तरी लोक सांगायचे थांबले नाहीत.

दुपारी थोरला मुलगा मजूर घेऊन आला. अंगणातली झुडपं काढून गाडीसाठी फरशी घालायची होती. मी मागेच हो म्हटलं होतं.

"मलम दुकानात मिळतं, बाबा," तो म्हणाला.

"मिळतं. पण शेजारची म्हातारी आजारी आहे."

"त्याचा गाडीशी काय संबंध?"

मी चपला घातल्या. "तिला बघून येतो. तोवर कुदळ लावू नका."

म्हातारी गुडघ्यावर पाल्याची गरम पुरचुंडी धरून बसली होती. मी खुर्चीवर बसलो.

"ती आली की घर भरून बोलायची," म्हातारी म्हणाली. "तुम्ही तोंड शिवून आलात. आमची सून चांगली उसवते, सांगू का तिला?"

मला हसू आलं. मग चहा होईपर्यंत बसलो.

परत येऊन थोरल्याला म्हणालो, "गाडी रस्त्यावरच राहू दे."

"तुम्ही शब्द दिला होता."

"दिला होता."

तो मजुराला घेऊन निघून गेला. फाटक त्याने उघडंच टाकलं.

दिवेलागणीला खांदा ठणकायला लागला. लेथचं देणं. निर्गुडीपाशी गेलो, डहाळी धरली आणि थांबलो. अंगणात कुणी नव्हतं.

"माझ्यासाठी," मी म्हणालो. "सूज नाही. कळ आहे."

मग पाला तोडला.