सातच्या पोटातली रेघ

फ्राउ हागेडॉर्न आपल्या वाईटावर टपली आहे, याबद्दल कुंदाच्या मनात तिळभरही शंका उरली नव्हती.

कुंदा पुण्याची डीएमएलटी. नवरा सत्यजित जर्मनीत इंगोलश्टाटला मोटारींच्या कारखान्यात, म्हणून ही इकडे आली, आणि आपली पदविका इथे कोणी विचारेना म्हणून या वयात पुन्हा शिकायला बसली. पॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये ऑपरेशनमधून आलेले तुकडे मोजायचे, कापायचे, प्लॅस्टिकच्या इवल्याशा कॅसेटींत भरायचे आणि वर पेन्सिलने पेशंटचा नंबर घालायचा. शुक्रवारी प्रात्यक्षिक परीक्षा. पास झाली तर सर्टिफिकेट आणि तिथेच नोकरी. नापास झाली तर अजून सहा महिने.

आणि शिकवायला ही हागेडॉर्न! पहिल्याच दिवशी कुंदाच्या टेबलावर पेन्सिल आपटत म्हणाली होती, "श्ट्रिश, फ्राउ जोगळेकर, श्ट्रिश!" तेव्हा कुंदाचं जर्मन म्हणजे नुसतं 'या' आणि 'गेनाऊ', हो आणि बरोबर. घरी येऊन ती सत्यजितला म्हणाली, "बाई स्वतःच सांगते, मी स्ट्रिक्ट आहे म्हणून! धड इंग्रजी बोलता येईना, पण तोरा बघ." दोन-तीनदा असं बजावून हागेडॉर्न गप्प झाली. पुढे वर्षभर अवाक्षर नाही.

पण अलीकडे कुंदाला काचेतून दिसायला लागलं. कुंदा कॉफीला गेली की हागेडॉर्न तिच्या कॅसेटी एकेक उचलायची आणि पेन्सिलने हळूच काहीतरी करायची. फक्त कुंदाच्याच!

"पाणी कुठेतरी मुरतंय," कुंदा म्हणाली.

"अगं, विचार की सरळ तिलाच," सत्यजित म्हणाला.

"चोराला विचारू, चोरी केलीस का म्हणून? काहीतरीच तुझं!"

बुधवारी ती थेट मुख्य डॉक्टरांकडे गेली. परीक्षा होईपर्यंत माझ्या कॅसेटींना कोणी हात लावू नये, म्हणाली. डॉक्टरांनी तसा नियम सगळ्यांसमोर सांगितला. हागेडॉर्नने कुंदाकडे एकदा पाहिलं, "बिटं," म्हणजे तुमची मर्जी, एवढंच म्हणाली, आणि खुर्ची दूर ओढून घेतली. कशी जिरवली, म्हणून कुंदाला त्या दिवशी जेवण जरा जास्तच गोड लागलं.

शुक्रवारी हात सुरीसारखा चालला. हागेडॉर्न पलीकडून टक लावून बघत होती. बघ बाई बघ, कुंदा मनात म्हणाली.

सोमवारी डॉक्टरांनी बोलावलं. चारशे अकरा नंबरच्या पेशंटचं पित्ताशय, आणि त्याच्या स्लाइडींमध्ये आतड्याचा तुकडा. रिपोर्ट जाण्याआधी पकडलं, नाहीतर अनर्थच होता. त्यांनी कुंदाची शुक्रवारची कॅसेट पुढे केली. "हा नंबर किती?"

"चारशे सतरा," कुंदा म्हणाली.

"इथे सगळ्यांनी चारशे अकरा वाचला."

जर्मन माणसाचा एकचा आकडा असतो लांब शेंडीवाला, हुबेहूब आपल्या इंग्रजी सातासारखा. म्हणून ते सातच्या पोटात आडवी रेघ मारतात. कुंदाच्या सातला रेघ नव्हती. डॉक्टरांनी तिच्या जुन्या कॅसेटींचा ट्रे काढला. वर्षभरातल्या प्रत्येक सातच्या पोटात बारीक, नीटस रेघ होती. त्यातली एकही कुंदाच्या हातची नव्हती. ज्याचं करावं बरं, तो म्हणतो माझंच खरं, दुसरं काय!

निकालाच्या कागदावर डॉक्टरांनी नापास लिहिलं.

कुंदा हागेडॉर्नच्या टेबलापाशी आली. शरमेने कानशिलं तापली होती. "मला सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं की. पहिल्याच दिवशी." हागेडॉर्नने चिठोऱ्यावर सात काढला आणि मधून पेन्सिल फिरवली. "श्ट्रिश."

श्ट्रिश म्हणजे रेघ. हा शब्द कुंदाला आता चांगला येत होता. पण त्या पहिल्या दिवसाशी त्याची गाठ तिने कधी घातलीच नव्हती.

"शुक्रवारी तो सात मला इथून दिसत होता," हागेडॉर्न म्हणाली. "पेन्सिल हातातच होती. पण हात लावायचा नाही, असं तुम्हीच म्हणाला होतात."