खोटं बोलून मालीश

जयवंत परबाच्या कमरेत उसण भरली ती अंधेरीच्या स्टुडिओत, राजमहालात. महाल पुठ्ठ्याचा होता, पण त्यावर टांगायचा दिवा अस्सल लोखंडी. तो उचलताना जयवंतने नीट वाकायचं सोडून ऐट केली आणि कमरेत कट्‌ झालं. मग चार दिवस तो चाळीत धनुष्यासारखा वाकून वावरला आणि बायकोवर उगाच खेकसत राहिला.

"अंधेरीतल्या आंबोलीच्या गिल्बर्टकडे जा," वनमाला शेवटी म्हणाली. "लढाईच्या वेळी लष्करी इस्पितळात मालीश शिकलाय तो. आणि हे बघा, विचारील ते खरं सांगा. त्या गळवाचंसुद्धा."

"गळवाचं कशाला? मी कंबर दाखवायला चाललोय."

गळू उजव्या कुल्ल्यावर होतं. जगात त्याची खबर फक्त वनमालाला होती आणि ती तिथंच राहावी असा जयवंतचा बेत होता.

रविवारी दुपारी तो निघाला. मालीश सोसायला अंगात ताकद हवी म्हणून आधी कोंबडी-वडे हाणले. आंबोलीत गिल्बर्टच्या अंगणात त्याची आई व्हायोलेट शेजारणींना घेऊन वर्षाचा मसाला कुटत होती. चटईवर मिरच्या वाळत होत्या, कुटलेला मसाला चादरीवर पसरला होता. जयवंत नाक धरून आत शिरला.

गिल्बर्ट तेल गरम करत होता. "कवा जेवलास?"

"सकाळी. थोडी पेज."

"कुठं जखम, गाठ, गळू?"

"छे!"

"प्यालास काय?"

"मी?" जयवंत इतका दुखावला की गिल्बर्टने विषय सोडला. दारूबंदीच्या राज्यात दारू कुठली? येताना घेतली ती ताडी होती.

"गुदगुल्या होतात?"

"मी काय कुकुलं बाळ आहे?"

"मंग आइक. दुखलं तं लगेच बोलायचं. दात आवळून मर्दानगी दाखवलीस तं मला कलनार नाय. कापडं काढ, हा टॉवेल गुंडाळ आन पालथा नीज."

जयवंत बाकड्यावर पालथा पडला. पहिल्या दाबाला कोंबडी घशाशी आली, दुसऱ्याला ताडी. तिसऱ्याला अशी ढेकर सुटली की बाहेरची मुसळं क्षणभर थांबली.

"पेज?" गिल्बर्टने विचारलं.

"पेज," जयवंत बाकड्यात तोंड खुपसून म्हणाला.

हात बरगड्यांवर आले तसा दोन मणांचा बाप्या खिदळायला लागला. गिल्बर्टने सुस्कारा सोडला, कंबर धरली आणि टॉवेलवरूनच, सगळा भार देऊन, उजवीकडे कोपर टेकलं.

"आयशीचो घोऽऽ!"

बाकड्यावरून आपण उठलो कसे हे जयवंतला पुढं कधीच आठवलं नाही. दार आठवत होतं, कारण त्याच्या कडीला टॉवेल अडकला आणि तिथंच राहिला. मग पायरी. तेलकट पाय सटकला आणि तो थेट चादरीवर, मसाल्यात बसला. गळू तोवर फुटलं होतं.

बायकांनी जी किंकाळी फोडली ती जयवंतच्या किंकाळीपुढे फिकी पडली. व्हायोलेटने एका हाताने डोळे झाकले आणि दुसऱ्याने मुसळ उचललं. "माझा मसाला! मेल्या, वर्साचा मसाला नासलास!"

गिल्बर्टने त्याला फडक्यात गुंडाळून विहिरीवर नेलं आणि साबण लावून बादल्यांवर बादल्या ओतल्या. जयवंत उड्या मारत, रडत, न विचारता कबूल करत होता: कोंबडी, वडे, ताडी, गळू, सगळं.

"मी काय चहाडी करायला विचारतो?" गिल्बर्ट ओरडला. "पोट भरलेलं हाय हे कललं असतं तं मी तुला निजवलाच नसता. ताडीवाल्याला मी हात लावत नाय. गळू असलं तं आधी डॉक्टर. लाजायला काय झालं? लष्करात हजार ढुंगणं बघितली. तुझं काय सोन्याचं हाय?"

डॉक्टरने गळू साफ करून पट्टी बांधली. आठ दिवस जयवंत उभ्यानेच जेवला. वनमाला त्याला वाढायची आणि हसू आवरत नसलं की मोरीत जाऊन उगाच भांडी वाजवायची. उसण होती तिथंच होती.

महिन्याभराने, गळवाची जागा कोरडी झाल्यावर, तो पुन्हा आंबोलीला गेला. उपाशी पोटी. गिल्बर्टने तोंड उघडायच्या आधीच त्याने सुरुवात केली: काल रात्री वाल खाल्ले, पोटात वारा धरलाय, डावी दाढ किडलीय, काखेत गुदगुल्या होतात, मूळव्याधीचा संशय आहे—

"बस रे! दाढ मला कशाला पायजे?"

पण काखेच्या वाटेला गिल्बर्ट गेला नाही. अंगठा कमरेच्या गाठीवर टेकला तेव्हा जयवंतने दात आवळले, मग सोडले. "दुखतंय. जरा हळू." असं तो आजवर कुणा पुरुषाला म्हणाला नव्हता. अंगठा हलका झाला, बाजूबाजूने फिरत राहिला आणि काही वेळाने ती गाठ विरघळली.

"ऊठ आता, दोन तांबे पानी पी," गिल्बर्ट म्हणाला. "आन चार दिवस वजन उचलू नको."

पण जयवंत घोरत होता. गिल्बर्टने त्याच्यावर चादर टाकली, हात धुतले आणि पिशवी घेऊन मासळी आणायला निघून गेला.