हळदीचे हात

काशिरामनं तिसऱ्यांदा साबण घेतला आणि नखं घासघास घासली. लेक पूर्वी, तिच्या हळदीत सगळ्यांच्या पुढे तोच होता. कोळीवाड्यातली हळद ती, तीन-चार दिवस अंगावरून जायचं नाव घेत नाही.

"लिंबू लावा," बायको भीमाबाई म्हणाली. "नायतर हात खिशात ठेवा."

त्याचा धाकटा भाऊ दिनानाथ सहा वर्षं खुनाच्या आरोपाखाली आत होता. खटला उभाच राहिला नव्हता. शेवटी हायकोर्टानंच म्हटलं, माणसाला नुसतं डांबून किती ठेवायचं, आणि जामीन दिला. आता जामीनदारानं कोर्टात उभं राहायचं, एवढंच उरलं होतं. जामीनदार काशिराम. आणि नेमकं त्याच आठवड्यात लग्न! रोडपालीच्या व्याह्यांना सांगितलं होतं, मुलीचा काका परदेशी बोटीवर असतो. मांडवात कुणी काही बोललं असतं तर सोयरीक मोडली असती. काशिरामनं वकिलाला फोन केला, मला ताप आलाय. लग्नाची तारीख भावाला कळवलीच नाही. सख्खा भाऊ आणखी आठवडाभर आत कुजला. लाज वाटली, नाही असं नाही. पण लाजेनं पाय थोडेच हलले?

लग्न काल झालं. आज सकाळी तो पनवेलच्या कोर्टात जामीन राहिला, आणि संध्याकाळी तुरुंगाच्या दाराशी आला. हात खिशात.

दिनानाथ बाहेर आला. केस पिकले होते. हातात कापडी पिशवी.

"दादूस, ताप उतरला ना? वकील म्हनला, लय होता."

"उतरला."

दिनानाथ पाया पडायला वाकला. धाकट्याला उठवायचं तर हात काढावेच लागतात. काशिरामनं काढले. दिनानाथनं ते धरले आणि पिवळ्या नखांकडे बघत राहिला. आता यानं थोबाडीत मारावी, निदान एक शिवी तरी हासडावी, असं काशिरामला वाटलं.

"पूर्वीचं लगीन झालं?"

"काल."

"बरं झालं." त्यानं हात सोडले नाहीत. "सासरच्यांना मी कुठं हाय म्हनून सांगितलंस?"

"बोटीवर."

दिनानाथनं मान हलवली. दोघं रिक्षात बसले. बाजार आला तशी दिनानाथनं रिक्षा थांबवली.

"उद्या मांडवपरतणीला पूर्वीला घेऊन व्याही येतील ना?"

"येतील."

"मग बोटीवरचा मानूस असली पिशवी घेऊन येल काय रं? एक मोठी बॅग घे."

काशिरामनं निळी बॅग घेतली. दिनानाथनं पिशवी तिच्यात टाकली, चेन ओढली, बॅग उचलून पाहिली.

"दादूस, आन पूर्वीसाठी तिकडून काय आनलं म्हनून सांगू?"

टोमणा नव्हता. तो खरंच विचारत होता. काशिरामचे हात परत खिशात गेले.