एकाच नावाची जागा

मी तासगावच्या एका बेदाणा शेडच्या वेबसाइटमधला रकाना बोलतोय. नाव माझं 'शेतकरी'. मालाच्या एका लॉटमागे माझ्यात एकच नाव मावतं. हा करंटेपणा मला वेबसाइट बनवणाऱ्या सांगलीच्या मुकुलने जन्मतःच दिला.

मुकुल हुशार, असं तो स्वतःच सांगायचा. एसीत बसून त्याने ठरवून टाकलं, एका लॉटचा शेतकरी एक. शेड तासाभरावर, पण साहेबांनी एकदा येऊन बघितलं असेल तर शपथ! इथे लहान बागायतदारांची द्राक्षं एकाच रॅकवर मिसळून वाळतात. एकट्याच्या मालाने रॅक भरत नाही. म्हणून लॉटही सगळ्यांचा मिळून एकच.

यंदा राहीबाईने नवऱ्यामागे पहिल्यांदाच बाग स्वतः सांभाळली. तिचा आणि दीर लालासाहेबाचा माल एका रॅकवर. शेडवाल्या याकूबभाईंचा नियम असा, की यंदा ज्याच्या नावावर लॉट, त्यालाच पुढच्या हंगामात रॅक. राहीबाईला ती हवीच होती.

"दोघांची नावं घाला. अर्धा माल माजा हाय," ती म्हणाली.

याकूबभाईंनी आधी तिचं नाव घातलं, मग दिराचं. दुसरं आलं तसं मी पहिलं पुसून टाकलं. मला दुसरं येतंय काय?

याकूबभाईंनी मुकुलला फोन लावला. तो म्हणाला, "पुरुषाचं ठेवा ना, घर एकच आहे." ही त्याची अक्कल!

"घर एकच हाय व्हय?" राहीबाई दिराकडे वळली. "मग छाटणीला कवा आलावता, भावजी?"

लालासाहेब टोपी नीट करत बसला. माझ्यात नाव त्याचंच राहिलं.

पुढे मुकुलच्या जागी ऋचा आली. ती थेट शेडमध्ये आली, रॅक बघितली, आणि लॉट व शेतकरी यांच्यामध्ये 'वाटेकरी' नावाचा वेगळा तक्ता घातला. आता एका लॉटला हवी तितकी नावं, एका शेतकऱ्याला हवे तितके लॉट. एवढंच करायचं होतं. माझ्यातली नावं तिने तिकडे नेली, पण पुसलेलं मी कुठून देणार?

याकूबभाई सौद्याला गेले होते. शेडमध्ये लालासाहेब होता. ऋचाने त्याला विचारलं, "काका, या लॉटमध्ये अजून कुणी होतं का?"

"न्हाई," तो म्हणाला. "मी एकलाच."

आज मला काढून टाकणार आहेत. खुशाल काढा. राहीबाईला मी पुसलं खरं, पण माझ्यात निदान जागा तरी नव्हती.